तुम्ही काही विचार करू नका

लग्न झालं की बायकांचं आडनाव बदलतं. डॉक्टर नीलांबरी सोहोनीनं तेवढं एक बदललं नाही, बाकी सगळं बदललं. गाव बदललं, राज्य बदललं, शेवटी देशही बदलला, आणि जाईल तिथं आपण डॉक्टर आहोत हे नव्यानं सिद्ध करत बसली.

मिरजेला एमबीबीएस झाली तेव्हा महाराष्ट्राच्या मेडिकल कौन्सिलनं तिला डॉक्टर मानलं. तिथल्या दवाखान्यात तिची गाडी रुळावर येते न येते तोच लग्न झालं, आणि यशोधनची नोकरी निघाली बंगळुरूला. आता मिरजेतला ताप आणि बंगळुरातला ताप थर्मामीटरला सारखाच दिसतो, पण कौन्सिलला दिसत नाही. जुन्या कौन्सिलचा ना हरकत दाखला आणा, नव्या कौन्सिलकडे हेलपाटे घाला, तेच मार्कशीट पुन्हा साक्षांकित करा. ते सगळं करून ती कर्नाटकाची डॉक्टर झाली, कन्नड शिकली, म्हाताऱ्या आज्यांना 'होट्टे नोवू?' म्हणून पोटदुखी विचारू लागली. लगेच नवऱ्याला बडोद्याहून बोलावणं आलं. मग गुजरातची कौन्सिल, आणि 'पेटमां दुखे छे?' तीन राज्यांत तीन भाषांतून पोट कुठं दुखतं हे विचारणारी बाई मिरजेच्या तिच्या बॅचमध्ये दुसरी नव्हती.

यशोधन माणूस सोन्यासारखा, पण विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र बसवणारा इंजिनिअर, त्यामुळे जिथं नवं यंत्र तिथं हा. बदलीची बातमी सांगायची त्याची एक ठरलेली तऱ्हा होती. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा, नाक वर करायचा आणि म्हणायचा, "आज काय मस्त वास सुटलाय!" एरवी ताटात काय पडलंय याची त्याला शुद्ध नसे. त्यामुळे वासाची तारीफ झाली की नीलांबरी गॅस बारीक करून विचारायची, "कुठं?" तो गावाचं नाव सांगायचा आणि पाठोपाठ म्हणायचा, "तू काही विचार करू नकोस, मी सगळं बघतो." आणि खरंच बघायचा. घर, ट्रक, गॅसचं कनेक्शन, पुढं मुलीची शाळासुद्धा. कौन्सिलचं तेवढं तिचं तिला बघावं लागे.

अशा एका मस्त वासानंतर ती मंडळी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला येऊन पोचली. चिपा बनवणाऱ्या यंत्रांचं हे गाव. इथं निम्म्या गल्लीला यशोधनसारखे नवरे आणि उरलेल्या निम्म्या गल्लीला त्यांच्या सायकली. इथं डॉक्टर व्हायचं तर सरकारी नोंदवहीत नाव लागतं. त्या नोंदवहीचं लघुरूप 'बिख'. डच लोक ग म्हणायला जातात आणि घशातून ख निघतो, म्हणून 'बिग'चं 'बिख'. मुलगी वैदेही शाळेतून डच शिकून आलेली. तिनंच एक दिवस आईला सांगितलं, "आई, यू नो, बिख मीन्स पिगलेट. डुकराचं पिल्लू."

झालं. त्या दिवसापासून घरात नोंदणीचं नाव 'पिल्लू' पडलं. मिरजेची आई फोनवर विचारू लागली, "पिल्लू कुठवर आलं गं?" आणि आजूबाजूच्या बायकांना वाटायचं, नीलांबरीला दिवस गेलेत.

पिल्लू यायला मात्र गजगर्भाइतका वेळ लागत होता. आधी डच भाषेची परीक्षा, मग वैद्यकीय ज्ञानाची, मग खोट्या पेशंटसमोर बसून खऱ्या डॉक्टरसारखं वागून दाखवायची. भाषेचा डोंगर ती चढली. ज्ञानाची परीक्षा जवळ आली, आणि नेमका कोरोना आला. परीक्षा पुढं, शाळा बंद, यशोधनचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, वैदेहीचा वर्ग जिन्यात. जगभर डॉक्टर कमी पडत होते, आणि तीन राज्यांची ही डॉक्टर आइंडहोवनला घरात बसून डाळ निवडत होती. टीव्हीवर आयसीयूची चित्रं लागली की ती उठून बाल्कनीत जायची. हातातली विद्या वापरता येत नाही याचं तिला दुःख होत होतं, खरंखुरं दुःख. पण ते सांगायची सोय नव्हती, कारण बाहेर लोक मरत होते आणि तिच्या घरात सगळे धडधाकट होते.

गावातल्या मराठी मंडळींनी मात्र तिला रिकामं बसू दिलं नाही. इथले फॅमिली डॉक्टर, म्हणजे हाऊसआर्ट्स, कुठल्याही दुखण्यावर आधी पॅरासिटामॉल आणि आराम सांगतात अशी आपल्या लोकांची ठाम तक्रार. त्यामुळे दिवसभर फोन. "डॉक्टर, ताप आहे, तो बाबा नुसतं पॅरासिटामॉल म्हणतोय, तुम्ही काहीतरी चांगलं सांगा." नीलांबरी म्हणायची, "हे बघा, मी इथं डॉक्टर नाही. मैत्रीण म्हणून सांगते. पॅरासिटामॉल घ्या आणि आराम करा." तेच औषध मराठीत ऐकलं की लोकांना गुण यायचा.

ज्ञानाची परीक्षा झाली, पास झाली. मग दोन लाटांच्या मधल्या उघडिपीत खोट्या पेशंटची परीक्षा लागली. मास्क लावून ट्रेननं ती युट्रेख्टच्या बाजूला गेली. खोलीत मधे काच, काचेपलीकडे खोटा पेशंट, म्हणजे पोटदुखीचं सोंग घेतलेला एक उंच गृहस्थ, आणि कोपऱ्यात परीक्षक. नीलांबरीनं चोख काम केलं. कुठं दुखतं, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, घरात कुणाला असं होतं का. गृहस्थ चाचरत म्हणाला, "मला आपलं घरी असं वाटत होतं, की..."

नीलांबरीला त्याची दया आली. इतक्या दिवसांनी समोर कुणीतरी पोट धरून बसलं होतं. ती पुढं झुकली आणि मनाच्या अगदी तळापासून म्हणाली, "तुम्ही काही विचार करू नका. विचार मी करते."

मिरजेला या वाक्यानं निम्मा ताप जागेवर उतरायचा. म्हाताऱ्या हात जोडायच्या, "बाई, तुमच्यावर सोडलं बघा." पण ते वाक्य डचमध्ये काचेपलीकडे पोचलं तेव्हा खोट्या पेशंटचा चेहरा खरोखर पडला. परीक्षकाचं पेन चालू झालं. नीलांबरीला वाटलं व्याकरण चुकलं. व्याकरण बरोबर होतं, क्रियापद जिथल्या तिथं बसलं होतं. सगळं वाक्यच बसायला नको तिथं बसलं होतं.

निकालात लिहिलं होतं, 'वैद्यकीय ज्ञान उत्तम. मात्र रुग्णाला विचार करू देत नाही.' यशोधन ते वाचून खो खो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्यानं ते हसू खोकल्यावर घातलं. कोरोनाच्या दिवसांत तेही धोक्याचंच होतं.

परीक्षेला पुन्हा एकदा बसता येणार होतं. तिथंही घोडं अडलं तर पुढची वाट फार लांबची होती, आणि चाळिशी उलटलेल्या बाईला अशा लांबच्या वाटा दिसायला लागल्या की पाय गळतात. नीलांबरीनं ठरवून टाकलं, या वेळी जमलं नाही तर डॉक्टर हा शब्द नावापुढून काढायचा आणि घरच्या घरी चकल्या विकायच्या. ती हे बोलली चेष्टेत, पण भाजणी खरंच भाजून दळून ठेवली. तेव्हा यशोधन घाबरला.

तिच्या मदतीला धावली ती शेजारीण. तिचं नाव रीत. डच नावच तसं आहे, पण नीलांबरीला ते फार योग्य वाटे, कारण या देशाची रीत तिला शिकवली ती या रीतकाकूनंच. वयानं सत्तरीपुढची, सगळी नोकरी एका हाऊसआर्ट्सच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून झालेली. कुंपणाच्या झुडपांची कात्री चालवत, दीड मीटर अंतर राखून, ती नीलांबरीचं डच सुधारायची.

"तू त्याला काय म्हणालीस?" रीतकाकूनं विचारलं. नीलांबरीनं वाक्य म्हणून दाखवलं. कात्री थांबली. "अरे देवा," रीतकाकू म्हणाली. "बाई गं, तो माणूस तुझ्याकडे येण्याआधी घरी बसून विचारच करत होता. कॅन्सर असेल का, बापाला होतं तसं असेल का. तो विचार तू बाहेर काढला नाहीस तर औषध घेऊनही तो तसाच घरी जाणार. आमचे डॉक्टर आधी विचारायचे, वात डेंक्ट यू झेल्फ? तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"आमच्याकडे असं विचारलं," नीलांबरी म्हणाली, "तर पेशंट म्हणेल, मलाच कळत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? आणि गावभर सांगेल, या बाईला काही येत नाही."

"इथं नाही विचारलंस तर तक्रार लिहील," रीतकाकू म्हणाली. मग कात्री पुन्हा चालवत तिनं सांगितलं, "प्रश्न सोपा आहे. तो विचारल्यावर गप्प बसणं अवघड."

ते अवघडच गेलं. घरी तालीम सुरू झाली. यशोधन पेशंट, वैदेही परीक्षक. यशोधनला या कामात भलताच रस आला. रोज ऑफिसचा शेवटचा कॉल संपला की नवं दुखणं घेऊन तो दार वाजवायचा. कधी डोक्याला पंचा बांधलेला, कधी पाठीला उशी. एकदा तर वैदेहीची ओढणी पांघरून बाळंतीण होऊन आला. नीलांबरी तपासून झालं की प्रश्न विचारायची, पण उत्तराची वाट बघणं तिच्या स्वभावात नव्हतं. "वात डेंक्ट यू झेल्फ? अ‍ॅसिडिटीच, ना?"

"आई, यू आन्सर्ड इट युअरसेल्फ अगेन," परीक्षक सांगायची आणि कागदावर शून्य काढायची.

"अगं, पण दिसतंय ना अ‍ॅसिडिटी आहे ते!"

"मला हृदयविकार वाटत होता," पेशंट मान खाली घालून म्हणायचा.

हसून हसून मुरकुंडी वळायची, पण गुण काही मिळायचे नाहीत. मुळात या प्रश्नाचं करायचं काय हेच नीलांबरीला उमगत नव्हतं. माणूस अडचणीत असताना त्याच्याच गळ्यात विचार टाकायचा, यात कसली माया? मायेचं माणूस म्हणतं, तू नको काळजी करूस, मी आहे ना. तिला लहानपणी वडिलांनी हेच सांगितलं, मोठेपणी नवऱ्यानं हेच सांगितलं, आणि तिनं तीन राज्यांतल्या पेशंटांना हेच सांगितलं.

परीक्षेच्या आदल्या रविवारी तालमीला परीक्षक हजर नव्हती, मैत्रिणीबरोबर सायकल दामटत गेली होती. पेशंटनं दार वाजवलं. आज पंचा नाही, उशी नाही. यशोधन साध्या शर्टात आत आला, उंबऱ्यात थांबला आणि नाक वर करून म्हणाला, "आज काय मस्त वास सुटलाय!"

गॅसवर चहाचं आधण होतं. नुसतं पाणी.

नीलांबरी समजली. बंगळुरू आठवलं, बडोदं आठवलं. पण तालमीचा नियम वैदेहीनं घालून दिला होता, पेशंट दारातून आला की भूमिका सोडायची नाही. नीलांबरीनं हातानं खुर्ची दाखवली. "बसा. काय होतंय?"

यशोधन बसला. त्यालाही कळलं की तिला कळलंय. "डॉक्टर," तो म्हणाला, "पंधरा दिवस झाले, घशात काहीतरी अडकलंय."

"कशानं सुरू झालं?"

"ऑफिसच्या एका मेलनं. म्युनिकहून आलेल्या."

"गिळताना त्रास होतो?"

"गिळूनच बसलोय. आवंढा."

एरवी ती इथं ओरडली असती. मागं बडोद्याच्या वेळी ती ओरडली होती, मग रडली होती, मग बांधाबांध केली होती. आज ती डॉक्टर होती, आणि पुढचा प्रश्न ठरलेला होता. "वात डेंक्ट यू झेल्फ?" तिनं विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" आणि दातांवर दात ठेवून गप्प बसली.

आधण उकळायला लागलं. तिनं उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसली. 

"मला वाटतं," यशोधन शेवटी म्हणाला, "काम फार चांगलं आहे. आणि मला वाटतं, हे सांगितलं तर माझी बायको परीक्षेला जायचीच नाही. म्हणून बोललो नाही. ती इथं डॉक्टर झाली आणि लगेच जर्मनीला गेलो, तर तिथं पुन्हा पहिल्यापासून. तिथं तर म्हणे परवाना देणारी खातीसुद्धा राज्याराज्यांची वेगळी. म्युनिक ज्या राज्यात, त्या बव्हेरियाचं वेगळं." त्यानं कपाळ चोळलं. "नीला, पण तू काही विचार करू न..."

वाक्य अर्ध्यातच अडकलं. महिनाभर हेच वाक्य नापास होण्याचं वाक्य म्हणून त्या घरात गाजत होतं. यशोधनच्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की त्याचं त्यालाच ऐकू आलं, बहुतेक पहिल्यांदाच. तो ओशाळला. खुर्चीत जरा सरळ बसला.

"तुला स्वतःला काय वाटतं गं?" त्यानं विचारलं.

नीलांबरीनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की उत्तर तयार नाहीये. रुसवा तयार होता, टोमणे तयार होते, बडोदा स्टेशनावरचं भांडणसुद्धा तारीखवार तयार होतं. पण आपल्याला काय वाटतं हे कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे तिनंही ते कधी शोधलं नव्हतं. डोळे भरून आले. बरं वाटलं म्हणून भरले की वाईट वाटलं म्हणून, हे तिला सांगता येईना.

"उत्तर परीक्षेनंतर देईन," ती म्हणाली. "आणि आता चहा तू कर. इतका वास आवडलाय तर."

परीक्षेत या वेळी काचेपलीकडे एक बाई होती. छातीत धडधडतं म्हणत होती. नीलांबरीनं सगळं विचारून घेतलं आणि मग तो प्रश्न विचारला. बाई काही बोलेना. परीक्षकाचं पेन थांबलेलं. मागच्या वेळची नीलांबरी असती तर तिनं ती शांतता तीनही भाषांत भरून काढली असती. पण रविवारपासून हाच प्रश्न तिच्या स्वतःच्या पोटात बसला होता, आणि उत्तर वर यायला किती वेळ लागतो हे तिला आता माहीत होतं. त्या बाईची तिला घाई वाटेना. ती नुसती बघत राहिली, आपलं माणूस बोलायचं थांबलंय आणि आपल्याला कुठं जायचं नाहीये, अशी. बऱ्याच वेळानं बाई म्हणाली, "मला वाटतं, मला भीती वाटतेय. बहीण कोरोनात गेली, तेव्हापासून." बाई सोंग घेऊन बसली होती हे नीलांबरीला ठाऊक होतं, तरी ती काचेकडे आणखी जरा झुकली. ते त्या बाईच्या सोंगातलं होतं की तिचं स्वतःचं, हे नीलांबरीनं पुढं कधी शोधलं नाही.

काही आठवड्यांनी निकाल आला. वैदेही जिन्यातून ओरडली, "आई, पिल्लू आलं! पिल्लू इज हिअर!" कॉलवर असलेल्या यशोधननं माइक बंद करायच्या आत ते अर्ध्या युरोपला ऐकू गेलं. मिरजेच्या आईनं फोनवर पेढे वाटले. रीतकाकूनं कुंपणावरून फुलं दिली, दीड मीटरवरून, काठीला बांधून.

संध्याकाळी यशोधननं जेवणाच्या खोलीचं दार बाहेरून वाजवलं. आत आला, वासाबद्दल चकार शब्द न काढता पेशंटच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमचं उत्तर राहिलंय."

नीलांबरीकडे आता ते होतं. ती फार हळू बोलली. "मला वाटतं, आपण इथं राहावं. इथं काही वर्षं काम केलं की पुढं दुसऱ्या देशात नोंदणी सोपी जाते म्हणतात, पण त्याच्यासाठी नाही. यशोधन, मी तीन राज्यांत दवाखाने केले आणि एकाही पेशंटला मी म्हातारं झालेलं बघितलं नाही. एकाही गावात, ज्या मुलाला पहिली लस टोचली त्याला शाळेत जाताना बघितलं नाही. मला एकाच माणसाचा खोकला दोन हिवाळे बघायचाय. ह्या वर्षी बरा केला आणि पुढच्या वर्षी पुन्हा झाला, तर त्यानं माझ्याकडेच यावं. बस्स. एवढंच वाटतं मला."

यशोधन मान खाली घालून बसला होता. "मग म्युनिकला काय सांगू?"

"तू काही विचार करू न..." नीलांबरी म्हणाली, आणि जीभ चावली. जिन्यात परीक्षक खुदकन हसली.

नीलांबरी खुर्चीत सावरून बसली. "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" तिनं विचारलं. आणि गप्प बसली. म्युनिकचं काम चांगलं होतं हे तिला माहीत होतं. नवऱ्याला ते मनापासून हवं असेल हेही माहीत होतं. तो काय म्हणेल ते मात्र तिला माहीत नव्हतं, आणि तिनं ते ओळखायचा प्रयत्नही केला नाही.

यशोधननं टेबलावरचा लॅपटॉप उगाच उघडला, पुन्हा मिटला. खिडकीतून बाहेर बघितलं, रीतकाकू झुडपांना पाणी घालत होती. मग घसा खाकरून तो म्हणाला, "मला वाटतं डॉक्टर, यापुढचे सगळे खोकले मीही इथंच काढावेत."